दोन फुटी भिंत, वायफाय आणि वाइनच्या बाटल्या

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सोलापुरातला जुना दगडी वाडा, वर माळवद म्हणजे मातीचं छत, मागच्या सोप्यावर पत्रा. फायबरचं २०० एमबीपीएसचं कनेक्शन पुढच्या ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत येतं. तुम्ही माडीवरच्या खोलीतून कंपनीचं काम करता आणि व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. सासऱ्यांनी मागच्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या जुन्या बळदात, हौसेने वाइनच्या बाटल्या जमवल्या आहेत. तिथलं तापमान बघायला आणलेला सेन्सर वायफायला जोडलाच जात नाही. नान्नजच्या द्राक्षबागेतही काहीतरी बसवायचं त्यांच्या मनात आहे. लॅपटॉप तापतो, पंखा ओरडतो. आणि तुम्ही विचारता, प्लॅन ५०० एमबीपीएसचा करू की महागाचं मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, घेऊ?

आत्ता दोन्ही नका घेऊ. तुमच्या घरातली अडचण प्लॅनची नाही, भिंतीची आहे. आणि ज्या भिंतीमुळे तुमचा कॉल तुटतो, त्याच भिंतीमुळे सासऱ्यांच्या बाटल्या अजून बऱ्या राहिल्या असतील. म्हणून भिंतीशी भांडायचं नाही. तिच्यातून एक वायर न्यायची आणि पलीकडे नवा वायफाय उभा करायचा. सोलापुरातल्या जुन्या घरांत नेटवर्क टाकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि वाइनची आवडही जुनी आहे, त्यामुळे तुमच्या पत्रातल्या दोन्ही गोष्टी मला जवळच्या वाटल्या.

सुरुवात मोजण्यापासून करा. लॅपटॉप ढाळजेत न्या, राउटरला लॅनच्या वायरने जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. १९० च्या आसपास किंवा वर आकडा आला तर कनेक्शन ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. आकडा बरोबर ९३ ते ९५ वर अडकला तर समजा की मध्ये कुठेतरी १०० चा दरवाजा आहे. लॅनच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. एक तार क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, नीट बसली नसेल तर दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात आणि कुणाला काही कळत नाही. कधी राउटरचाच पोर्ट १०० चा असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘३०० एमबीपीएस’ छापलेलं असतं, पण तो वायरलेसचा कागदावरचा वेग असतो. पोर्टचा वेग खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो, तो वाचा.

वायरने जोडूनही आकडा ९० च्या बराच खाली आला, तरच कंपनीच्या माणसाला बोलवा आणि त्याला ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दाखवायला सांगा. फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये ती डीबीएम या मापात दिसते, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे १५ ते उणे २५ च्या मध्ये असेल तर चिंता नाही. उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन डगमगायला लागते. अशा वेळी बहुतेकदा फायबर कुठेतरी खिळ्याभोवती करकचून वळवलेली असते, नाहीतर दारात चेपलेली असते. काचेच्या धाग्याला तीव्र वळण सोसत नाही, प्रकाश तिथूनच बाहेर गळतो.

आता माडीवर जा. तिथे स्पीड टेस्टपेक्षा एक वेगळी चाचणी जास्त खरी बोलते. लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडून राउटरलाच पिंग लावा, म्हणजे त्याला छोटी हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. पाच मिनिटं चालू द्या. घरातल्या राउटरपर्यंत जाऊन यायला काही मिलिसेकंद पुरेत. मध्येच आकडा २००-३०० वर उडत असेल किंवा ‘टाइम आउट’ येत असेल, तर दोष तुमच्या चार भिंतींतला आहे. इंटरनेट अजून या चित्रात आलेलंच नाही. चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. २०० मध्ये जे अडकतं ते ५०० मध्येही तितकंच अडकेल.

मग मोबाईलवर वायफाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप घ्या आणि घरभर फिरून सिग्नलचे डीबीएम वहीत लिहा. राउटरशेजारी उणे ३०-४०, कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ७५ ला रडतखडत, उणे ८५ ला फक्त नाव दिसतं. हे माप साध्या बेरीज-वजाबाकीचं नाही, हे लक्षात ठेवा. ३ डेसिबल कमी म्हणजे शक्ती निम्मी, १० कमी म्हणजे दहावा हिस्सा, २० कमी म्हणजे शंभरावा. साध्या विटेच्या भिंतीत काही डेसिबल जातात. तुमच्याकडच्या दोन फुटी दगड-मातीच्या भिंतीत ते सहज २० च्या पुढे जाऊ शकतात, आणि ढाळज ते माडी या वाटेत अशा दोन भिंती आणि एक माळवद आहे.

माळवदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरून येणारे इंजिनिअर ते विचारातच घेत नाहीत. तुळया, त्यावर किलच्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात माती कोरडी असते तेव्हा सिग्नल त्यातून बऱ्यापैकी वाट काढतो. पावसाळ्यात तीच माती ओल धरते आणि पाणी या लहरी शोषून घेतं. ‘उन्हाळ्यात चालायचं, श्रावणात बंद पडलं’ अशी तक्रार जुन्या पेठांतून येते तेव्हा मी आधी वर बघतो. पत्र्याचं तर विचारूच नका. धातूवरून लहर जवळपास सगळीच्या सगळी परत फिरते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांचंही तेच. राउटर कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवला असेल तर आजच उतरवा आणि चौकाकडे उघडणाऱ्या दाराजवळ, छातीच्या उंचीवर ठेवा. वाड्याचा चौक म्हणजे सिग्नलचा मोकळा रस्ता आहे. दगडातून जाण्यापेक्षा तो चौकातून वळसा घालून खिडकीवाटे आत येतो.

वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडांतला फरकही इथेच कळतो. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून जास्त आत शिरते पण वेग कमी. छोटी लहर वेगवान पण दगडापुढे हार मानते. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पेठेत घराला घर चिकटलेलं, प्रत्येकाचा राउटर याच तिघांवर. गड्ड्याच्या यात्रेत एकमेकांना हाका मारणाऱ्या माणसांसारखी गत होते, आवाज सगळ्यांचे मोठे आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. ‘ऑटो’वर ठेवलेलं चॅनेल अ‍ॅपमध्ये बघून त्यातल्या त्यात रिकाम्या चॅनेलवर हाताने लावा, आणि २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की शेजाऱ्याचा गोंगाटही दुप्पट ऐकू येतो.

आता उपाय. ढाळजेतल्या राउटरपासून माडीपर्यंत लॅनची एक कॅट-६ प्रकारची वायर टाका. १०० मीटरपर्यंत ती पूर्ण वेग देते, तुमच्या वाड्यात त्याच्या निम्मीही लागणार नाही. दगड फोडू नका. मातीच्या जोडाईच्या भिंतीत ड्रिल घुसलं की आतली भर ढासळते आणि भोक हवं त्यापेक्षा तिप्पट मोठं होतं. त्याऐवजी दाराच्या किंवा खिडकीच्या लाकडी चौकटीतून आठ मिलिमीटरचं भोक पाडा, चौकाच्या वळचणीखालून पाइपातून वायर न्या आणि माडीच्या खिडकीच्या चौकटीतून आत घ्या. वायर आधी ओढायची आणि टोकाचा प्लग नंतर मारायचा. प्लगसकट वायर त्या भोकातून जाणार नाही. उघड्यावरच्या भागासाठी बाहेरची, काळ्या आवरणाची वायर मागा. साध्या राखाडी वायरीचं आवरण सोलापूरच्या उन्हात काही वर्षांत तडकतं, आणि पुढच्या पावसात पाणी आत शिरतं. विजेच्या वायरीला समांतर, चिकटून नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

वायर विकत घेताना एक गोष्ट जपून बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर भरपूर मिळते आणि ती खऱ्या तांब्याच्या नावाने खपते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट चमक दिसली तर परत ठेवा. ती दोन-चार वेळा वाकवली की मोडते, आणि डेटासोबत वीजही त्याच वायरीतून पाठवायची झाली तर तिचा रोध जास्त असल्याने तापते आणि टोकाला विजेचा दाब कमी पडतो. वायर ओढून झाल्यावर लॅन टेस्टर लावून १ ते ८ दिवे क्रमाने पेटतात का ते स्वतः बघा. हे काम करणाऱ्याच्या पुढ्यातच करा, पैसे त्यानंतर द्या.

माडीवरच्या टोकाला काय लावायचं? घरात जुना राउटर पडलेला असेल तर पैसेही लागणार नाहीत. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहील. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्या राउटरचाच द्या, चॅनेल मात्र वेगळं. मग खालून आलेली वायर त्याच्या लॅनच्या पोर्टात लावा, इंटरनेट आत घेणाऱ्या, निराळ्या रंगाच्या वॅन पोर्टात नाही. झाला तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट. नवा घ्यायचा असेल तर दोन्ही बँडचा, गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसच्या पोर्टचा साधा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्या आणि माडीवर ५ गिगाहर्ट्झ वापरा. इथे ती भिंत तुमच्या बाजूने उभी राहते. शेजाऱ्यांचे ५ गिगाहर्ट्झचे सिग्नल दगडातून आत येतच नाहीत, त्यामुळे तुमच्या खोलीत हवा अगदी स्वच्छ असते आणि ८० मेगाहर्ट्झची रुंदी निर्धास्त वापरता येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे सुख नाही.

मेशबद्दल दोन वाक्यं. मेशचे डबे एकमेकांशी हवेतून बोलत असतील तर त्यांनाही तीच भिंत ओलांडावी लागते, आणि एकाच रेडिओवर ऐकणं आणि पुढे सांगणं दोन्ही असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. वायरने जोडलेलं मेश उत्तम चालतं, पण वायर टाकलीच तर इतके पैसे मेशवर कशाला घालायचे?

फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या. घरचा इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना क्षणभर झटका बसतो, डबा पुन्हा सुरू होतो आणि तुमची मीटिंग दोन-तीन मिनिटं अधांतरी राहते. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी वीज किती वेळा येते-जाते हे तुम्हाला सांगायला नको. आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की चौकातून गेलेली लॅनची वायर दोन्हीकडून काढून ठेवा.

आता सासऱ्यांच्या खोलीकडे येतो.

सेन्सर जोडला जात नाही याची कारणं ठरलेली असतात. असे बहुतेक स्वस्त सेन्सर ईएसपी-८२६६ किंवा ईएसपी-३२ या चिपवर चालतात आणि त्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. राउटरने दोन्ही बँडला एकच नाव दिलं असेल तर मोबाईल ५ वर असतो, सेन्सर २.४ वर शोधत असतो आणि जोडणी होत नाही. सेन्सरसाठी २.४ चं वेगळं नाव करा. सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए-३ निवडलं असेल तर डब्ल्यूपीए-२ चालू करा. चॅनेल १२ किंवा १३ वर असेल तर ते खाली आणा, काही सेन्सरना ते दिसतच नाहीत. पण तुमच्या बाबतीत यातलं काहीही असलं तरी मुख्य अडथळा बळदाचा आहे. तीन बाजूंनी दगड आणि वर माती, अशा पोकळीत २.४ सुद्धा पोचणार नाही.

म्हणून चिप बळदाच्या बाहेर, जिथे सिग्नल मिळतो तिथे ठेवा आणि फक्त सेन्सरची वायर आत सोडा. डीएस-१८बी-२० नावाचा सेन्सर स्टीलच्या टोपीत, जलरोधक वायरीसकट मिळतो. तीन तारा असतात. डेटा आणि विजेच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावायचा, एवढंच जोडकाम. काही मीटर लांब वायर तो आरामात चालवतो आणि अचूकता अर्ध्या अंशाची असते, वाइनसाठी ती पुरे. बाजारातला निळा डीएचटी-११ घेऊ नका, त्यात दोन अंशांचा फरक पडू शकतो. ओलावाही बघायचा असेल तर एसएचटी-३१ घ्या.

आणि हा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. रिकामी वाइनची बाटली घ्या, पाण्याने भरा, टोपीला भोक पाडून सेन्सर पाण्यात सोडा आणि ती बाटली इतर बाटल्यांच्या मधोमध ठेवा. दार उघडलं की हवेचं तापमान दोन मिनिटांत बदलतं, पण ७५० मिलिलिटर द्रवाचं बदलायला तास लागतात. आपल्याला बाटलीतल्या वाइनला काय सोसावं लागतंय ते बघायचंय. हवेत टांगलेला सेन्सर दिवसभर खोट्या घंटा वाजवतो आणि चार दिवसांनी घरातले सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतात.

वाइनला १२ ते १४ अंश सेल्सिअस आणि ६० ते ७० टक्के ओलावा सर्वांत मानवतो. पण एखाद-दोन अंशांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापमान खाली-वर न होणं. तापलं की वाइन फुगते आणि बुचावर दाब येतो. निवलं की आकसते आणि कडेने हवा आत ओढते. रोज दुपारी आणि रात्री हे चालू राहिलं तर बूच हळूहळू सैल होतं. जाड भिंत दिवस-रात्रीचा हा फरक जवळपास पुसून टाकते, म्हणून बळदाची निवड सासऱ्यांनी विचारपूर्वक केली आहे. पण भिंत ऋतूला अडवू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर पारा आठवडेच्या आठवडे राहतो तेव्हा ती उष्णता हळूहळू आत मुरते, आणि बळदातही तीसच्या आसपास तापमान राहू शकतं. पाण्याच्या बाटलीतल्या सेन्सरचा वर्षभराचा आलेख काढा, तो मार्चपासून चढणारी एक लांब चढण दाखवेल. पंचवीसच्या वर महिनोन्‌महिने राहिलेली वाइन अकाली म्हातारी होते.

बाटल्या बिघडल्यात का ते न उघडताही थोडं कळतं. बूच वर सरकून वरचं आवरण फुगलंय का? मानेवर चिकट ओघळ आहे का? व्हाइट वाइन विटकरी-तपकिरी झालीये का? तसं दिसलं तर ती आता अजून ठेवण्यात अर्थ नाही. उघडल्यावर ताज्या फळाऐवजी शिजलेल्या मुरांब्यासारखा वास आला की खात्री झाली.

मग थंडाव्यासाठी काय घ्यायचं? दुकानात वाइन कूलर म्हणून जी नाजूक, आवाज न करणारी छोटी कपाटं मिळतात त्यांतली बरीच थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे पेल्टियर पद्धतीची असतात. ती खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकतात. पुण्यातल्या थंड खोलीत चालतील. सोलापुरात मे महिन्यात खोली ३८ वर असेल तर ती दिवसरात्र धापा टाकूनही १८ च्या खाली येणार नाहीत, आणि विजेचं बिल मात्र येईल. इथे कॉम्प्रेसरवालाच घ्यायचा. त्याहून स्वस्त आणि मला मनापासून पटलेला मार्ग म्हणजे घरातला जुना, चालू स्थितीतला एकदारी फ्रीज. त्याचा प्लग बाहेरच्या तापमान कंट्रोलरमध्ये लावायचा, कंट्रोलरचा सेन्सर त्याच पाण्याच्या बाटलीत, नेमलेलं तापमान १३, फरक एक अंश. कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायच्या आधीची किमान विश्रांती पाच मिनिटांवर ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसर लवकर जातो. आत पाण्याची वाटी ठेवा, ओलावा टिकेल. जोडणी माहीतगार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि अर्थिंग तपासा. जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असतात पण तिसऱ्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते.

सगळ्या बाटल्यांना हे लागणारही नाही. व्हाइट, रोझे आणि हलक्या रेड या ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात, त्या एक-दोन वर्षांत संपवा. ठेवायच्या त्या अंगाने भारी रेड. आपल्याच जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीची वायनरी आहे, तिथे इटलीचे पिएरो मासी यांच्या हाताखाली सांजोव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्याँ यांच्या मिश्रणातून सेत्ते ही रेड तयार झाली. अशा वाइन काही वर्षं ठेवण्याजोग्या. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. खोलीत ट्यूबलाइट सतत चालू ठेवू नका. आणि ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला १६ ते १८ अंशांच्या खोल्यांसाठी आहे. आपल्याकडे रेड सुद्धा प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, चव लगेच आवरल्यासारखी वाटते. उघडलेली उरली तर झाकण लावून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा.

बागेतल्या द्राक्षांची घरी वाइन करायचा विचार असेल, पत्रात ओझरता उल्लेख होता, तर तो सोडा. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय वाइन बनवता येत नाही, घरापुरतीही नाही. पिण्यासाठीही परवाना आणि वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. परवान्यावर घरी किती बाटल्या ठेवता येतात ते उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. शिवाय नान्नजची कीर्ती खाण्याच्या द्राक्षांची आहे. सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं तिथल्याच नानासाहेब काळे यांनी पुढे आणली. ती मोठ्या मण्यांची, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनला लहान मणी, जाड साल, बी आणि जास्त साखर लागते. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. उत्तम सोनाकाचा बेदाणा करा, तो सोलापूरच्या बाजारात सोन्यासारखा जाईल.

बागेसाठी मात्र सेन्सर जरूर बसवा, कारण तिथे त्याचे पैसे लगेच वसूल होतात. वाड्यापासून नान्नजपर्यंत वायफाय नेण्याचा विचार नको, मध्ये वीसेक किलोमीटरचं अंतर आहे. बागेत सिमकार्डवर चालणारा छोटा ४जी राउटर आणि सौर पॅनेल पुरेल. सिम घेताना आधी तीन-चार फोन घेऊन बागेत उभे राहा आणि कुणाची रेंज टिकते ते बघा. बाग पसरलेली असेल तर कोपऱ्यातल्या सेन्सरसाठी लोरा, म्हणजे थोडीच माहिती पण लांबवर नेणारी रेडिओ पद्धत, वापरा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला आहे, दर दहा मिनिटांनी काही बाइट पाठवायला तो उत्तम, आणि द्राक्षाच्या मांडवातून २.४ पेक्षा खूप चांगला जातो. ओली पानं म्हणजे पाण्याचाच पडदा असतो हे विसरू नका.

तिथे काय मोजायचं? तापमान, हवेतला ओलावा, पाऊस आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पान किती तास ओलं राहिलं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघते आणि त्याच दिवसांत परतीचा पाऊस किंवा दाट दव पडलं की केवडा हा बुरशीचा रोग येतो. पान रात्रभर ओलं राहिलं हे पहाटेच मोबाईलवर दिसलं तर फवारणीचा निर्णय अंदाजावर घ्यावा लागत नाही, आणि विनाकारण केलेली एक फवारणी वाचली तरी औषध, डिझेल आणि मजुरी तिन्ही वाचतं. सिमच्या नेटवर सहसा बाहेरून बागेतल्या यंत्रात थेट शिरता येत नाही, कारण कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. त्यामुळे यंत्राने स्वतःहून माहिती बाहेर पाठवायची, अशीच रचना करून घ्या. एमक्यूटीटी नावाची पद्धत यासाठी हलकी आणि सोपी आहे.

शेवटी लॅपटॉप. पंख्याचा आवाज आणि कॉलचं अडकणं यांचा संबंध असू शकतो, कारण प्रोसेसर ९०-९५ अंशांवर गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र तुटतं. नेट दोषी वाटतं, असतो लॅपटॉप. सोलापुरात धुळीसोबत सुताचा तंतू असतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतले संगणक उघडले की पंख्याच्या आणि जाळीच्या मध्ये तंतूंचा चक्क नमदा बसलेला सापडतो, चिमटीत धरून अख्खा निघतो. वाड्याच्या आसपास माग चालत असतील तर तुमच्या लॅपटॉपमध्येही हेच असेल. फक्त बाहेरून ब्लोअर मारला की तो नमदा आतल्या आत दाबला जातो. तळ उघडून, पंखा बाजूला करून जाळी आतल्या बाजूने साफ करायची, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, आणि दोन-तीन वर्षं झाली असतील तर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्टही बदलायची. गादीवर किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करू नका, खालची हवा बंद होते.

वायर टाकायला माणूस बोलवण्याआधी वाड्याचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर प्रत्येक खोलीतले डीबीएम एवढं मला पाठवा. माळवद कुठे आहे, पत्रा कुठे आहे आणि चौकाकडे कोणत्या खिडक्या उघडतात तेही खुणेने दाखवा, म्हणजे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट मागच्या सोप्यात लागेल की माडीवरच्या एकावरच भागेल ते सांगता येईल.